घरी एसी बनवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मे महिना लागला की मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरायला लागतात. थर्मोकोलचं खोकं, त्यात बर्फ, झाकणाला दोन भोकं, एका भोकावर टेबल फॅन, दुसऱ्यात पीव्हीसीचा एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला पाइपाचा तुकडा. "फक्त तीनशे रुपयांत घरगुती एसी!" खाली शेकडो लोक विचारत असतात की हे खरंच चालतं का. ज्यांना विकतचा एसी परवडत नाही, ज्यांच्या पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत रात्री अकरालाही भिंती हाताला गरम लागतात, अशी माणसं हा प्रश्न विचारतात. त्यांना सरळ, हिशेबासकट उत्तर मिळायला हवं.

उत्तराकडे जाण्याची वाट एका प्रश्नातून जाते. कुठलंही यंत्र खोली थंड करतो म्हणालं, तर विचारायचं: खोलीतली उष्णता गेली कुठे? उष्णता नाहीशी करता येत नाही, ती इथून उचलून तिथे नेऊन टाकता येते. विकतच्या एसीत पाइपातून फिरणारा गॅस आतल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता शोषतो आणि कंप्रेसरच्या जोरावर ती बाहेरच्या युनिटमध्ये सोडून येतो. म्हणून त्या युनिटसमोर उभं राहिलं की गरम वाफारा अंगावर येतो. तो वाफारा म्हणजेच आपल्या खोलीतली उष्णता, अधिक यंत्राने खाल्लेली वीज.

आता हाच प्रश्न थर्मोकोलच्या खोक्याला विचारू.

पाण्याने भरून गोठवलेल्या एक-एक लिटरच्या तीन बाटल्या खोक्यात ठेवल्या, असं समजा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. मग ते शून्य डिग्रीचं पाणी वीस डिग्रीपर्यंत तापताना आणखी थोडी घेतं. तिन्ही बाटल्यांचं मिळून साधारण १,२५० किलोज्यूल होतात. हा बर्फ दोन तास टिकला, तर सरासरी १७५ वॅटचा गारवा मिळाला. त्यातून टेबल फॅनच्या मोटरने खोलीत टाकलेले ५० वॅट वजा करा. उरले सव्वाशे वॅट. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे खोलीत एक पाहुणा येऊन बसला की खोक्याची बहुतेक कमाई संपली. १ टनाचा एसी तेवढीच १,२५० किलोज्यूल उष्णता सहा मिनिटांत बाहेर टाकतो.

आणि तो बर्फ आला कुठून? आपल्याच फ्रिजमधून. तीस डिग्रीच्या तीन लिटर पाण्याचा बर्फ करताना फ्रिजने पाण्यातली उष्णता काढली, त्यात स्वतः खाल्लेली वीज मिळवली आणि सगळी मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडली. बर्फाने खोलीतून जेवढी उष्णता उचलली, त्याच्या दीडपटीच्या आसपास फ्रिजने आधीच घरात ओतलेली असते. एका खोलीचं घर असेल तर हा व्यवहार निव्वळ तोट्याचा आहे. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार करणं याच कारणाने जमत नाही.

बर्फाचा एसी चालतच नाही असं मात्र नाही. बर्फ पुरेसा हवा आणि बाहेरून आणलेला हवा. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडली गेली. वॉशिंग्टनच्या भर उन्हाळ्यात ते व्हाइट हाउसमध्ये अंथरुणाला खिळून होते. तेव्हा नौदलाच्या अभियंत्यांनी बर्फाच्या गार पाण्याने भिजवलेल्या कापडांमधून पंख्याने हवा खेचून त्यांच्या खोलीत सोडणारं यंत्र जुळवलं. आजच्या व्हिडिओंमधल्या खोक्याचं ते थोरलं भावंड. खोलीचं तापमान सुमारे २० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मोजणीत ११ डिग्रीने उतरलं, आणि दोन महिन्यांत पाच लाख पौंडांच्या घरात बर्फ लागला. याचा भागाकार केला की रोजचा जवळपास पावणेचार हजार किलो बर्फ येतो.

एसीच्या 'टना'चा अर्थ इथेच हाताला लागतो. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढा गारवा देतो, तो एक टन. वॅटच्या भाषेत साडेतीन किलोवॅट गारवा. एसीवर लिहिलेला दीड टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे, दीड टन बर्फाचं रोजचं काम. गारफिल्ड यांच्या खोलीला चार टनांचा एसी बसवला होता म्हणा ना! तीन बाटल्यांनी खोली गार होईल का, याचं उत्तर या आकड्यात आलं.

मग खोक्यासमोर बसल्यावर गार का वाटतं? कारण एल्बोतून येणारी हवा खरोखर गार असते. तोंडापासून हातभर अंतरावर खोकं ठेवलं तर चेहऱ्याला, मानेला आराम मिळतोच. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणता येत असेल, घरात आजारी म्हातारं माणूस असेल आणि लाइट गेलेली असताना बॅटरीवरचा पंखा तेवढा चालत असेल, तर अशा वेळी हे खोकं जरूर करावं. बर्फ बाटलीतच बंद ठेवावा, म्हणजे खोलीत ओल वाढत नाही. पण त्याच्याकडून एका माणसापुरती झुळूक मागावी, खोली मागू नये.

खोलीतली हवा आणि डोक्यावरचा स्लॅब

खोली हट्टाने गरम का राहते, हे समजायला आणखी एक हिशेब पाहू. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यातली सगळी हवा भरते जेमतेम चाळीस किलो. ती हवा एक डिग्रीने गार करायला चाळीसेक किलोज्यूल पुरतात. नुसत्या हवेचाच प्रश्न असता तर किलोभर बर्फाने ती दहा डिग्रीने उतरली असती!

पण त्याच खोलीवरचा पाच इंची स्लॅब सव्वातीन टनांच्या पुढे भरतो. त्याला एक डिग्रीने गार करायला सुमारे तीन हजार किलोज्यूल लागतात, म्हणजे हवेच्या पंचाहत्तरपट. भिंती वेगळ्या. हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडत राहतो. तुम्ही हवा गार करता, स्लॅब ती पुन्हा तापवतो. घरगुती उपायांची खरी झुंज या काँक्रीटशी आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

त्याआधी आणखी दोन 'शोध' हातासरशी तपासून टाकू. पहिला पेल्टियर प्लेटचा. बारा व्होल्टवर चालणारी ही चौकोनी चकती एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने तापत जाते. चकती खरी आहे, पण साठेक वॅट वीज खाऊन ती व्यवहारात वीस-तीस वॅट उष्णता हलवते, आणि तिची गरम बाजू खोलीतच असेल तर खोली तापते. दुसरा, बांगलादेशातून प्रसिद्ध झालेला बाटल्यांचा इको कूलर. अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या फळीत बसवून ती खिडकीला लावायची. अरुंद तोंडातून जाताना हवा पाच डिग्रीपर्यंत गार होते, असा दावा. बाहेर ताशी ३६ किलोमीटरचा वारा असला तरी त्याच्या वेगातल्या सगळ्या ऊर्जेचा तापमानाशी हिशेब केला, तर फरक येतो ०.०५ डिग्री. उलट फळीने खिडकी निम्म्याहून जास्त बुजते. त्यापेक्षा खिडकी सताड उघडी बरी.

जुन्या फ्रिजचा किंवा एसीचा कंप्रेसर उघडून काही जुळवू पाहणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की ते करू नका. आत गॅस दाबाखाली असतो आणि आजच्या घरगुती यंत्रांत वापरले जाणारे बरेचसे गॅस पेट घेणारे आहेत. सुका बर्फही खोलीत आणू नका. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. बंद खोलीत त्याने जीव गुदमरतो.

पाणी उडून जाताना

एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, हे पाहिलं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना किती घेतं? सुमारे २,४००. सातपटीहून जास्त. शिवाय हे पाणी आधी गार करावं लागत नाही, नळाचं साधं पाणी चालतं. माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच: मातीतून पाझरलेला थेंब बाहेर उडून जातो आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो.

म्हणून माझ्या मते घरी बनवता येणारा खरा एसी एकच, आपला पत्र्याचा कूलर. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या लोकांना यात नवल वाटणार नाही. तिकडे होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतात, ताट्या, म्हणजे पाणी धरून ठेवणारे जाड पडदे, बदलल्या जातात आणि गल्लीगल्लीत वाळ्याचा ओला वास सुटतो.

त्याची रचना कुणीही वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ शकेल इतकी सोपी आहे. लोखंडी अँगलची चौकट, तीन बाजूंना जाळीत बसवलेल्या ताट्या, पुढच्या बाजूला पंधरा किंवा अठरा इंची एक्झॉस्ट फॅन, तळाला पाण्याची टाकी, तिच्यात छोटा पंप. पंप पाणी वर चढवतो, ते पन्हळीच्या भोकांतून ताट्यांवर ठिबकत खाली येतं. पंखा बाहेरची कोरडी गरम हवा त्या ओल्या ताट्यांमधून आत ओढतो. पाणी उडतं, हवा गार होते.

खुबी आहे ती ठिबकण्यात. कूलर चालू करून पाचेक मिनिटांनी मागच्या बाजूला जाऊन ताट्या नीट बघा. पन्हळीची दोन-चार भोकं क्षाराने बुजलेली असतात आणि त्यांच्या खाली ताटीवर कोरडा, फिकट पट्टा उतरलेला दिसतो. त्या पट्ट्यातून गरम हवा जशीच्या तशी आत शिरते, आणि ओल्या भागापेक्षा तिथे अडथळा कमी म्हणून जरा जास्तच शिरते. सायकलच्या आऱ्याने ती भोकं मोकळी केली, पन्हळ पाणसळीत आणली, की कूलर नवा झाल्यासारखा गारवा देतो. ताट्या वाळ्याच्या घ्यायच्या, लाकडाच्या कुरळ्या किसाच्या घ्यायच्या की मधाच्या पोळ्यासारख्या भोकांच्या कागदी हनीकॉम्बच्या, याची चर्चा पुष्कळ होते. हनीकॉम्ब जास्त वर्षं टिकतो, किसाच्या ताट्या स्वस्त पडतात, आणि वाळ्याच्या वासाला तोड नाही. पण तिन्ही कोरड्या राहिल्या तर सारख्याच निकामी.

सगळ्यात जास्त चुकतं ते कूलरच्या जागेत. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून घेतल्या, तर तो खोलीतलीच ओली हवा फिरवत बसतो आणि तासाभरात चिकचिक सुरू होते. 'उष्णता गेली कुठे' या प्रश्नाचं इथलं उत्तर आहे: पाण्याच्या वाफेत. ती वाफ घराबाहेर जायला हवी. म्हणून कूलर खिडकीबाहेर, तोंड आत, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं. दुसऱ्या खोलीत गारवा न्यायचा असेल तर या खोलीची खिडकी लावून त्या खोलीची उघडायची. हवा जिकडून बाहेर पडेल, तिकडे गारवा जाईल.

टाकीत बर्फ टाकावा का? दहा बाय बाराच्या खोलीचा कूलर कडक उन्हात तासाला सात-आठ लिटर पाणी उडवतो. पाच किलो बर्फ वितळून जेवढा गारवा देतो, तेवढा हा कूलर साध्या पाण्यावर साडेपाच मिनिटांत देतो. बर्फ सरबताला ठेवा. पाण्याचा हा आकडा मात्र विसरण्यासारखा नाही. आठ तासांना साठ लिटर. जिथे टँकरची वाट बघावी लागते तिथे एवढं पाणी कूलरला घालणं सोपं नाही, आणि कूलर स्वस्त आहे असं म्हणताना ही किंमतही मोजली पाहिजे.

नागपूर आणि मुंबईत फरक का पडतो

पाणी उडायला हवा कोरडी लागते. ती किती कोरडी आहे हे घरी मोजता येतं. हवेचं तापमान दाखवणारा काचेचा साधा थर्मामीटर घ्या, तापाचा नको. आधी आकडा बघा. मग खालच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळून पंख्यासमोर धरा. पारा उतरत जातो आणि कुठेतरी थांबतो. कूलर कितीही चांगला असला तरी या ओल्या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. चांगल्या ताट्या त्या वाटेचा तीन-चतुर्थांश भाग गाठतात.

मे महिन्यातली विदर्भातली दुपार घ्या: ४३ डिग्री, आर्द्रता २० टक्के. ओला पारा २५च्या जवळ थांबेल, म्हणजे कूलरची हवा साधारण २९-३० डिग्रीची. बाहेर अंग भाजतंय आणि आत पांघरूण नको, पण झोप लागते. आता मुंबईची दुपार: ३४ डिग्री, आर्द्रता ६५ टक्के. ओला पारा साडेअठ्ठावीसवर अडतो. इथेही कूलरची हवा तीस डिग्रीचीच. मग बिघडलं कुठे? नागपूरच्या त्या गार हवेत आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्के असते, मुंबईच्या हवेत ती नव्वदला टेकते. अंगावरचा घाम वाळतच नाही. आपलं शरीरही पाणी उडवूनच गार होतं, आणि कूलर त्याची वाट अडवून बसतो.

कोरड्या आणि ओल्या आकड्यात दहा डिग्रींहून जास्त फरक असेल तर कूलर बनवावा. सहाच्या आत असेल तर मुंबई, रत्नागिरी, पणजीत त्यावर पैसे घालू नयेत. पहिला पाऊस पडला की विदर्भातही कूलरची टाकी रिकामी करून नुसता पंखा चालवतात, ते याच कारणाने.

कूलरच्या बाबतीत दोन गोष्टी मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. पत्र्याची पेटी, पाणी आणि वीज एकत्र आली की एका सैल वायरने माणूस जातो. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव जातात, आणि महावितरण दर उन्हाळ्यात तेच आवाहन करतं. थ्री-पिन प्लग, चालू स्थितीतलं अर्थिंग आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रतिबंधक स्विच, म्हणजे ज्याला इलेक्ट्रिशियन ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो तो, एवढं असल्याशिवाय कूलर लावू नका. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. लहान मुलांना पाणी भरायला लावायचं नाही. दुसरी गोष्ट डासांची. डेंगी पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा उडणारा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची. त्यात साचलेला क्षारही निघून जातो.

आता तो स्लॅब

भर दुपारी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९०० ते १,००० वॅट ऊन पडतं. आपल्या खोलीवरचा स्लॅब अकरा चौरस मीटरचा. काळवंडलेलं सिमेंट त्यातलं साठ-सत्तर टक्के ऊन शोषतं, म्हणजे साडेसहा किलोवॅटच्या आसपास. ताजा पांढराशुभ्र चुना पाव भाग शोषतो, बाकीचं आकाशात परत पाठवतो. हा फरक चार किलोवॅटचा आहे, १ टनाच्या एसीच्या ताकदीपेक्षा मोठा. शोषलेलं सगळंच ऊन खाली उतरत नाही, बरंचसं वाऱ्यात जातं, हे खरं. तरी दोन-तीन डिग्रींचा उतार खोलीत जाणवतो, आणि मुख्य म्हणजे रात्रीचा स्लॅबचा भपका कमी होतो. चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून, गच्ची झाडून-धुऊन, दोन हात मारायचे. पावसात धुऊन जातो, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा. अहमदाबादसारख्या शहरात महापालिकेने वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देण्याचं काम हाती घेतलं ते याच हिशेबावर.

पत्र्याचं छप्पर असेल तर पांढऱ्या रंगाबरोबर पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूची चटई किंवा कापड ताणून बांधावं. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावावा. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात आलेलंच असतं. बाहेर चटई, गोणपाट, हिरवी नेट, काहीही चालेल. कोरड्या भागात ते गोणपाट ओलं ठेवलं तर वाऱ्याची झुळूकही गार होऊन आत येते.

खिडक्यांचं वेळापत्रकही पाळावं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत बंद, रात्री गार झाली की सगळ्या उघड्या, आणि एका खिडकीत एक्झॉस्ट फॅन तोंड बाहेर करून लावलेला. तो तापलेली हवा बाहेर ढकलतो, दुसरीकडून गार हवा येते, आणि पहाटेपर्यंत भिंती निवतात. मराठवाडा-विदर्भात यातून चांगला उतार मिळतो. ४० डिग्रींच्या वर मात्र कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडू नये, तो गरम हवा अंगावर मारून शरीर आणखी तापवतो. ओला पंचा अंगावर घेऊन मग पंखा लावावा.

किनाऱ्यावरच्या लोकांची अडचण खरी आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिला आधुनिक एसी आखला, तो मुळात हवेतली ओल काढण्यासाठी. ओलीमुळे कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. दमट हवेतून पाणी काढायचं तर हवा गार कॉइलवरून न्यावी लागते, आणि ते काम घरच्या साहित्यात नीट होत नाही. त्यामुळे मुंबई-गोव्यात पैसे घालायचेच असतील तर आधी चुना, बाहेरचे पडदे आणि ३० वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा करावा. त्यानंतर एकाच झोपायच्या खोलीसाठी लहान इन्व्हर्टर एसी घेऊन तो २६-२७ वर ठेवावा, वर पंखा हळू चालू ठेवावा आणि दाराखालची फट जुन्या चादरीची गुंडाळी लावून बुजवावी.